मद्रासचे पाच लघुग्रह : शोध, कक्षा आणि मुख्य पट्ट्याची घडण

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मुख्य पट्ट्यातील लघुग्रहांच्या बाबतीत शोध आणि कक्षा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कारण दुर्बिणीतून दिसणारा लघुग्रह आणि अंधुक तारा यांच्या रूपात काहीच फरक नसतो, फरक असतो तो केवळ गतीत, आणि ती गती सूर्याभोवतीच्या एका निश्चित वाटेत बसवून दाखवल्याशिवाय नवी वस्तू सापडली असे म्हणता येत नाही. लोकप्रिय लेखनात मात्र शोधाची तारीख आणि शोधकाचे नाव एवढ्यावरच भागवले जाते, आणि कक्षानिश्चितीचे काम हे नंतरचे, दुय्यम, कारकुनी काम असल्यासारखे मागे पडते. हा क्रम उलटा आहे, हे मद्रासच्या वेधशाळेतून १८६१ ते १८८५ या काळात सापडलेल्या पाच लघुग्रहांच्या आधारे चांगले दाखवता येते. कारण त्यांपैकी पहिला, ‘६७ आशिया’, हा आशिया खंडातून शोधला गेलेला पहिलाच लघुग्रह आहे, आणि या पाचांच्या कक्षा एकत्र मांडल्या तर सबंध पट्ट्याचा एक आडवा छेदच हाती येतो.

या विषयाची सुरुवात एका आकडेमोडीतून झाली. ग्रहांची सूर्यापासूनची अंतरे एका साध्या श्रेणीत बसतात, असे टिटियस यांनी १७६६ मध्ये आणि बोडे यांनी १७७२ मध्ये मांडले होते. १७८१ मध्ये सापडलेला युरेनसही त्या श्रेणीत बसल्याने मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानची मोकळी जागा ज्योतिर्विदांना खटकू लागली. पालेर्मो येथील जुझेप्पे पियाझ्झी यांना १ जानेवारी १८०१ रोजी तिथे एक वस्तू दिसली आणि तिला सेरेस हे नाव मिळाले. पण सुमारे ४१ दिवसांत आकाशातला जेमतेम तीन अंशांचा चाप नोंदवून होतो न होतो तोच ती सूर्याच्या तेजात दिसेनाशी झाली. ही वस्तू पुन्हा कुठे उगवेल, हे तत्कालीन पद्धतींनी सांगता येईना, कारण एवढ्या तोकड्या चापावरून दीर्घवर्तुळ काढण्याची रीतच कोणाकडे नव्हती. ती रीत चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी बसवली. कक्षेचे वर्णन करण्यासाठी सहा राशी लागतात आणि प्रत्येक वेधातून दोन कोन मिळतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी घेतलेले तीन पूर्ण वेध तत्त्वतः पुरेसे ठरतात, या पायावर त्यांनी गणित उभारले, आणि डिसेंबर १८०१ मध्ये ज्योतिर्विद फोन त्साख यांना सेरेस गाउस यांनी वर्तवलेल्या जागेजवळ सापडली. सेरेसच्या शोधाचे श्रेय पियाझ्झींकडे आहे आणि ते योग्यच आहे. परंतु गाउस यांचे गणित नसते तर त्या शोधाची पियाझ्झींच्या वहीत पडून राहिलेली एक नोंद झाली असती, हेही तितकेच खरे.

पॅलस, जुनो आणि व्हेस्टा १८०७ पर्यंत सापडले, आणि मग १८४५ पर्यंत एकही नाही. या दीर्घ खंडाचे मुख्य कारण नकाशांचे होते. नवा बिंदू ओळखायचा तर त्या भागातले जुने तारे सगळे ठाऊक असावे लागतात, आणि सेरेसपेक्षा कितीतरी अंधुक ताऱ्यांचे विश्वासार्ह नकाशे हळूहळूच तयार झाले. क्रांतिवृत्त म्हणजे आकाशातला सूर्याचा वार्षिक मार्ग. बहुतेक लघुग्रह याच पट्ट्याच्या आसपास फिरतात, म्हणून शोधासाठी तिथले नकाशे सर्वांत गरजेचे होते, आणि बर्लिनच्या अकादमीने काढवून घेतलेले तारानकाशे हाती येऊ लागल्यावर १८४५ नंतर शोधांची रांग लागली. पद्धत कष्टाची होती. दुर्बिणीच्या क्षेत्रातला एकेक तारा नकाशाशी ताडून पाहायचा, नकाशात नसलेला बिंदू आढळला की शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे अंतर मोजायचे, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तेच अंतर पुन्हा मोजायचे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत असतो, तेव्हा अधिक वेगवान पृथ्वी त्याला मागे टाकत असल्याने तो ताऱ्यांमधून वक्री, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतो. आशियाच्या अंतरावर ही गती रोज सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या निम्मी भरते. तासाभरात ती अंशाचा शंभरावा हिस्सा एवढीच असते, पण सरावलेल्या निरीक्षकाला सूक्ष्ममापकाने तेवढी पकडता येते.

नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन असेच सरावलेले निरीक्षक होते. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत असताना त्यांनी १८५६ मध्ये ‘४२ आयसिस’ शोधला होता, आणि १८५७ मध्ये आणखी दोन लघुग्रह त्यांच्या नावावर जमा झाले होते. १८६१ मध्ये मद्रासच्या सरकारी वेधशाळेची सूत्रे हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, १७ एप्रिल रोजी, त्यांना आशिया सापडला. पुढे २ मे १८६४ रोजी ‘८० सॅफो’, १६ मे १८६६ रोजी ‘८७ सिल्व्हिया’, १७ नोव्हेंबर १८६८ रोजी ‘१०७ कॅमिला’ आणि बऱ्याच वर्षांच्या अंतराने ६ फेब्रुवारी १८८५ रोजी ‘२४५ व्हेरा’. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे उभारलेल्या या वेधशाळेची साधने युरोपातल्या मोठ्या वेधशाळांच्या तोडीची नव्हती. तिचे खरे बळ तिच्या जागेत होते. मद्रास सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने क्रांतिवृत्ताचा कोणताही भाग मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना क्षितिजापासून ५३ अंशांच्या खाली येत नाही, तर ऑक्सफर्डहून त्याच क्रांतिवृत्ताचा दक्षिणेकडचा भाग १५ अंशांच्या आसपास, दाट आणि थरथरत्या हवेत, बुडालेला असतो. पाचपैकी तीन शोध एप्रिल-मे महिन्यांतले आहेत, आणि उन्हाळ्यात मध्यरात्री समोर येणारे क्रांतिवृत्त हे नेमके दक्षिणेकडचे असते. पॉग्सन यांच्या कौशल्याला भूगोलाची अशी साथ मिळाली. या वेधशाळेतील भारतीय सहाय्यकांचा वाटाही इथे नोंदवायला हवा; चिंतामणी रघुनाथाचारी हे त्यांतले अग्रणी, आणि १८६७ मध्ये जालक तारकासमूहातील ‘आर’ या रूपविकारी ताऱ्याचा शोध त्यांच्या नावावर आहे. एकाच नावावर शोध नोंदवण्याच्या प्रथेत वेध घेणारे, आकडे उतरवणारे आणि गणिते करणारे अनेक हात झाकले जातात, हा त्या प्रथेचा मोठा दोष आहे.

आता आशियाची कक्षा. तिचा अर्धदीर्घाक्ष, म्हणजे दीर्घवर्तुळाच्या लांब अक्षाचा निम्मा भाग, २.४२ खगोलीय एकके आहे; पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर, सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक होय. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वर्षांत मोजलेल्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा खगोलीय एककांत मोजलेल्या अर्धदीर्घाक्षाच्या घनाइतका असतो, म्हणून आशियाचे एक वर्ष पृथ्वीच्या ३.७७ वर्षांचे, म्हणजे साधारण पावणेचार वर्षांचे भरते. कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती लांबट झाली आहे याचे माप, ०.१८५ आहे, त्यामुळे उपसूर्यबिंदूपाशी, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळ असताना, आशिया १.९७ एककांवर येतो आणि अपसूर्यबिंदूपाशी २.८७ एककांपर्यंत दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता ०.०१७ आहे हे ध्यानात घेतले तर हा फरक केवढा मोठा आहे ते कळते. कक्षेचा कल, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी तिने केलेला कोन, सहा अंशांचा आहे. तो लहान वाटतो, पण एवढ्या अंतरावर सहा अंश म्हणजे त्या प्रतलाच्या वर आणि खाली सुमारे पावणेचार कोटी किलोमीटरची ये-जा. उरलेल्या तीन राशींपैकी एक आरोही पाताची, म्हणजे लघुग्रह ते प्रतल दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडतो त्या बिंदूची दिशा सांगते, दुसरी उपसूर्यबिंदूची दिशा सांगते, आणि तिसरी एका ठरावीक क्षणी लघुग्रह कक्षेत कुठे आहे ते सांगते. पंचांगातले राहू-केतू हे चंद्राच्या कक्षेचे असेच पातबिंदू असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच नवी नाही.

या राशी एकदा कळल्या की आकाशातले दृश्य त्यांतून सरळ उलगडते. पृथ्वी आणि आशिया यांच्या गतींच्या फरकावरून लागोपाठच्या दोन प्रतियुतींमधला काळ सुमारे ४९७ दिवसांचा, म्हणजे सव्वासोळा महिन्यांचा निघतो. म्हणून प्रत्येक प्रतियुती वेगळ्या ऋतूत आणि वेगळ्या राशीत पडते. उपसूर्यबिंदूजवळ प्रतियुती झाली तर आशिया पृथ्वीपासून एका एककाहूनही किंचित जवळ असतो, आणि अपसूर्यबिंदूजवळ झाली तर जवळजवळ १.९ एककांवर. त्याच्यावर पडणारा सूर्यप्रकाश सूर्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने कमी होतो आणि तिथून परतणारा प्रकाश पृथ्वीपासूनच्या अंतराच्या वर्गाने, त्यामुळे या दोन टोकांच्या प्रतियुतींत त्याच्या तेजात जवळपास आठपट फरक पडतो. तेजस्वितेच्या प्रतींमध्ये सांगायचे तर हा फरक सव्वादोन प्रतींचा. आणि प्रतींचे हे माप निश्चित करणारे खुद्द पॉग्सनच होते, कारण पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, म्हणून एका प्रतीचा फरक २.५१२ पट, हा प्रस्ताव त्यांनी १८५६ मध्ये मांडला आणि आजही जगभर तोच वापरला जातो. तो प्रस्ताव अंधुक वस्तूंची तेजस्विता नेमकी मांडण्याच्या गरजेतून आला होता, आणि लघुग्रह हे त्या वस्तूंतले ठळक उदाहरण होते.

एकट्या लघुग्रहाची कक्षा एवढे सांगते. अनेक कक्षा एकत्र ठेवल्यावर मात्र पट्ट्याची रचना दिसू लागते. १८६६ मध्ये, म्हणजे सिल्व्हिया सापडला त्याच वर्षी, नव्वदच्या आसपास लघुग्रह ठाऊक असताना, डॅनियल कर्कवुड या अमेरिकी ज्योतिर्विदाने दाखवले की अर्धदीर्घाक्षांच्या यादीत काही ठिकाणी रिकाम्या जागा आहेत, आणि त्या जागी असलेल्या वस्तूचा परिभ्रमणकाळ गुरूच्या ११.८६ वर्षांच्या काळाशी साध्या पूर्णांकी गुणोत्तरात बसला असता. या रिक्ती आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात : तीनास एक या गुणोत्तराची २.५० एककांवर, पाचास दोनची २.८२ वर, दोनास एकची ३.२७ वर. गुणोत्तर पूर्णांकी असले की गुरूचा ओढा कक्षेतल्या त्याच त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा पडतो आणि त्याचा परिणाम साचत जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. असे असूनही रिक्ती नेमक्या कशा तयार होतात, याचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी जॅक विस्डम यांनी संगणकीय गणिताने दाखवले की तीनास एकच्या अनुस्पंदनात सापडलेल्या वस्तूची उत्केंद्रता दीर्घकाळ कमी राहून अचानक उसळी मारू शकते, आणि ती ०.३ च्या पुढे गेली की कक्षा मंगळाच्या वाटेला छेदते, मग मंगळाच्या सान्निध्याने वस्तू त्या जागेतून हुसकली जाते. अर्थात अनुस्पंदन म्हणजे रिकामी जागा असा सरसकट नियम नाही. तीनास दोन या गुणोत्तरावर, सुमारे ३.९७ एककांवर, हिल्डा गटाचे लघुग्रह टिकून आहेत, कारण तिथे अनुस्पंदनच त्यांना गुरूच्या जवळ जाण्यापासून वाचवते.

मद्रासचे पाच लघुग्रह या चौकटीत ठेवून पाहणे उद्बोधक आहे. सॅफो २.३० एककांवर आणि आशिया २.४२ वर, म्हणजे दोघे तीनास एकच्या रिक्तीच्या अलीकडे, आतल्या पट्ट्यात. त्यांतही आशिया त्या रिक्तीपासून केवळ ०.०८ एकक, सुमारे सव्वा कोटी किलोमीटर, अलीकडे आहे. त्याचा परिभ्रमणकाळ रिक्तीच्या ३.९५ वर्षांपेक्षा दोन-सव्वादोन महिन्यांनीच कमी आहे, आणि तेवढ्याने तो सुरक्षित राहिला आहे. व्हेरा ३.१० एककांवर, बाह्य पट्ट्यात. सिल्व्हिया ३.४८ वर आणि कॅमिला ३.४९ वर, म्हणजे दोनास एकच्या रिक्तीच्याही पलीकडे, जिथे मुख्य पट्टा संपत आलेला असतो आणि सिबिली गटाचे विरळ लघुग्रह साडेसहा वर्षांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतात. २.५० ते २.८२ या मधल्या, भरगच्च भागातला मात्र एकही यांत नाही. पाच हा आकडा काही सिद्ध करायला अपुरा आहे, पण मोठ्या आकाराच्या वस्तू दूर असल्या तरी छोट्या दुर्बिणींना दिसतात, आणि आतल्या पट्ट्यातल्या वस्तू जवळ असल्याने लहान असल्या तरी दिसतात, या दुहेरी निवडीची खूण त्यात स्पष्ट आहे : सिल्व्हियाचा सरासरी व्यास २७० किलोमीटरांच्या आसपास आहे, आशियाचा साधारण ५८ किलोमीटर. सुरुवातीच्या याद्यांवरून पट्ट्याबद्दल अनुमाने काढताना हा पूर्वग्रह वजा करावा लागतो.

कक्षेच्या राशी स्थिर असतात, हाही एक गैरसमज आहे. वर दिलेली आशियाची उत्केंद्रता किंवा कल हे एका ठरावीक दिनांकाचे आकडे असून ग्रहांच्या, मुख्यतः गुरू आणि शनी यांच्या, ओढ्यामुळे ते हजारो वर्षांच्या चक्रांत कमीजास्त होत राहतात. या चढउतारांचा भाग गणिताने वगळला की उरतात त्या स्वकीय राशी, ज्या कोट्यवधी वर्षे बऱ्याच अंशी टिकतात. जपानी ज्योतिर्विद कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ मध्ये अशाच विचाराने काही लघुग्रहांच्या राशी एकमेकींशी विलक्षण जुळतात हे दाखवले, आणि कोरोनिस, इऑस व थेमिस ही कुले म्हणजे पूर्वीच्या मोठ्या वस्तूंचे टकरीत झालेले तुकडे होत, असा अर्थ लावला. सिल्व्हियाभोवतीही असे एक कुल अलीकडे ओळखले गेले आहे. कुलातले लहान तुकडे काळाच्या ओघात पसरत जातात, कारण सूर्याने तापलेला पृष्ठभाग ती उष्णता काहीशा उशिराने आणि तिरक्या दिशेने बाहेर टाकतो, व त्यातून मिळणारा अतिसूक्ष्म रेटा अर्धदीर्घाक्ष हळूहळू बदलतो. यार्कोव्हस्की परिणाम या नावाने ओळखला जाणारा हा रेटा आशियाएवढ्या वस्तूवर नगण्य असतो, पण काही किलोमीटरच्या किंवा त्याहून लहान तुकड्यांना तो रिक्तीपर्यंत ढकलत नेऊ शकतो, आणि पृथ्वीवर पडणाऱ्या बहुतेक अशनींचा प्रवास या वाटेनेच सुरू होतो. विज्ञानाच्या दृष्टीने लघुग्रहांच्या कक्षांचे महत्त्व इथे सर्वाधिक आहे.

सिल्व्हियाच्या बाबतीत कक्षेने आणखी एक काम केले. २००१ मध्ये त्याचा एक उपग्रह आढळला आणि २००४ मध्ये दुसरा. रोमच्या पुराणकथेतील रिया सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून त्यांना रोम्युलस आणि रेमस ही नावे मिळाली, आणि दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह ठरला. रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात, तर रेमस ७१० किलोमीटरवरून साधारण ३३ तासांत फेरी मारतो. सूर्याभोवतीच्या कक्षेवरून लघुग्रहाचे वस्तुमान कळत नाही, पण त्याच्याभोवती फिरणाऱ्या उपग्रहाच्या अंतरावरून आणि काळावरून ते काढता येते. त्यातून सिल्व्हियाची घनता पाण्याच्या सव्वापटीच्या आसपास निघाली, म्हणजे तो सलग खडक नसून आत बरीच पोकळी असलेला, तुटून पुन्हा एकत्र आलेला राडारोडा असावा. कॅमिलालाही दोन उपग्रह आहेत. १८६० च्या दशकात मद्रासमध्ये अंधुक बिंदू म्हणून नोंदवलेल्या वस्तूंबद्दल एवढे सांगता येते, यात पहिल्या दिवसापासून नीट जपलेल्या कक्षांचा मोठा वाटा आहे.

कक्षा जपली गेली नाही तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १८७३ मध्ये सापडलेला ‘१३२ एथ्रा’ १९२२ पर्यंत हरवलेला होता, आणि १९११ मध्ये योहान पालिझा यांनी शोधलेला ‘७१९ अल्बर्ट’ थेट २००० मध्ये पुन्हा सापडला. मॅक्स वोल्फ यांनी १८९१ मध्ये छायाचित्रणाने पहिला लघुग्रह शोधल्यावर शोधांचा वेग वाढला तसा चुकांचाही धोका वाढला. १८९२ मध्ये त्यांनीच नोंदवलेला ‘३३० अ‍ॅडलबर्टा’ प्रत्यक्षात तारेच होते, हे १९८२ मध्ये लक्षात आले आणि तो क्रमांक दुसऱ्या लघुग्रहाला देण्यात आला. म्हणूनच आज नव्या वस्तूला आधी केवळ तात्पुरते नाव मिळते, ज्यात वर्ष, महिन्याचा पंधरवडा आणि त्या पंधरवड्यातला क्रम असतो, आणि कायमचा क्रमांक सामान्यतः चार प्रतियुतींत वेध घेऊन कक्षा पक्की झाल्यावरच दिला जातो. आशिया आज सापडला असता, आणि जुन्या छायाचित्रांत त्याच्या खुणा मिळाल्या नसत्या, तर कायमच्या क्रमांकासाठी त्याला चार वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले असते.

व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला १०३ वर्षे लागली : १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी शोधलेला ‘४१३० रामानुजन’. आज ज्ञात लघुग्रहांची संख्या १४ लाखांच्या पुढे गेली आहे, आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्याच, सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह होते. एवढ्या वस्तू दिसणे ही आता अडचण राहिलेली नाही. त्यांपैकी लहान, वेगळ्या किंवा पृथ्वीच्या वाटेजवळ येणाऱ्या वस्तूंचा वेळेवर पाठपुरावा करणे, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतियुतीत त्या पुन्हा गाठणे, ही अडचण आहे. चिलीत दिवस असताना भारतात रात्र असते, आणि कावलूर, नैनिताल, हानले इथे त्या कामाला पुरेशा दुर्बिणी आहेत. या दुर्बिणींच्या वेळापत्रकात पाठपुराव्याच्या वेधांना नियमित, हक्काचे तास मिळावेत, आणि विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना तीन वेधांवरून कक्षा काढण्याचे गणित स्वतःच्या हाताने करायला शिकवले जावे.